पाय थकले तरी वाट थांबू नये

मालेगावातील व्यापारी कुटुंबांत ज्येष्ठांच्या दिवसाला एक ठरलेला क्रम असतो. पहाटे सामायिक, मग मंदिरात दर्शन किंवा स्थानकात प्रवचन, न्याहारीनंतर पेढीवर दोन घटका बैठक आणि सूर्यास्तापूर्वी घरी परतून भोजन. वर्षानुवर्षे हा क्रम चालतो आणि एके दिवशी गुडघे साथ सोडतात. प्रथम पेढी सुटते, मग प्रवचन आणि शेवटी मंदिर. ‘बाबा, मी गाडीने सोडतो,’ असे मुलगा मनापासून म्हणतो. परंतु नेमक्या त्याच वेळी दुकानात गिऱ्हाईक असते, सुनेला मुलांच्या शाळेची घाई असते. चार दिवस वाट पाहून आजोबा सांगतात, ‘राहू द्या, घरीच नवकार म्हणतो.’ त्या वाक्यात तक्रार नसते, म्हणूनच ते घराच्या ध्यानात येत नाही. कोणाला उधार द्यावे आणि कोणाला हात जोडावेत, हे पन्नास वर्षांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर पेढीवरून उठून जाते.

अशा ज्येष्ठांसाठी मोबिलिटी स्कूटर हे एक उपयुक्त साधन आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात अॅलन थीम या गृहस्थांनी आपल्या आजारी नातलगासाठी अशी गाडी तयार केली आणि पुढे तिचा प्रसार जगभर झाला. खुर्चीसारखे आसन, समोर दांडा, तीन किंवा चार लहान चाके आणि बॅटरीवर चालणारी मोटार, असे तिचे साधे रूप आहे. पेट्रोलच्या स्कूटरला बाजूची दोन चाके जोडून केलेले वाहन निराळे. त्याला नोंदणी आणि परवाना लागतो. हातापायांच्या अपंगत्वासाठी शासकीय योजनेतून मिळणारी मोटारीची तीनचाकी सायकलही निराळी. मोबिलिटी स्कूटर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांना घरात चार पावले चालता येते, पण फर्लांगभर अंतर झेपत नाही.

जैन समाजाला हा विषय परका नाही. जयपूर येथे १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. पुढे भांडवली बाजाराच्या ‘सेबी’ या नियामक संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायासह कॅलिपर आणि तीनचाकी सायकली ही समिती गरजूंना विनामूल्य देते. अशा कार्याला आपली कुटुंबे सढळ हाताने देणगी देतात. मात्र त्याच घरातील आजोबांनी स्वतःसाठी गाडीचा विषय काढला, तर ‘या वयात कशाला धोका?’ किंवा ‘लोक काय म्हणतील?’ असे उत्तर मिळते. परक्याला चालते करणे हे पुण्य आणि घरच्याला घरात बसविणे ही काळजी, हा हिशेब जुळणारा नाही.

धोका आहे, हे मात्र खरे; आणि तो दूर करण्याचा मार्ग धर्मानेच दाखविला आहे. पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. चार हात पुढची भूमी पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने चालावे, हा तिचा आशय. साधू-साध्वी ती पूर्णत्वाने पाळतात. श्रावकाने यथाशक्ती पाळावी. चाकांवर बसलेल्याला तर ती अधिकच लागू होते, कारण आता त्याच्या हाती दुसऱ्याला दुखापत करू शकणारे वजन आहे. मंदिराच्या फाटकाशी खेळणारे मूल, रस्त्यात बसलेले कुत्रे, समोरून येणारी वयस्कर बाई, या सर्वांचे रक्षण त्या यत्नेत सामावलेले आहे.

सर्वप्रथम वाटेचा विचार करावा. मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या या शहरात पुलावरची गर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. यंत्रमागाच्या मालाचे टेम्पो, हातगाड्या, रिक्षा आणि दुचाक्या यांच्या गर्दीत ही बुटकी गाडी मोठ्या वाहनाच्या चालकाला दिसतच नाही. म्हणून मोसम पूल, किदवाई रोड किंवा सटाणा नाका यांसारखी ठिकाणे गर्दीच्या वेळी टाळावीत. मुंबई-आग्रा महामार्गाचे तर नावही काढू नये. घरातील एखाद्याने सकाळी वहीपेन्सिल घेऊन घर ते मंदिर आणि घर ते पेढी हे अंतर सावकाश चालून पाहावे. कोठे गटारावरचे झाकण फुटले आहे, कोठे गतिरोधक इतका उंच आहे की गाडीचा तळ टेकेल, कोठे वळायला जागा नाही, हे टिपून घ्यावे. थोडी लांब, पण शांत गल्ली मिळाली तर तीच आजोबांची वाट ठरवावी. गाडीच्या मागे उंच काठीवर भगव्या किंवा पिवळ्या रंगाची पताका, पुढे-मागे दिवे, चमकणाऱ्या पट्ट्या, आरसा आणि भोंगा एवढे असल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये.

त्यानंतर गाडी चालविण्याचा सराव. येथे एक सूक्ष्म धोका आहे. आयुष्यभर सायकल, लुना किंवा बजाज स्कूटर चालविलेल्या माणसाचा हात संकटाच्या क्षणी आपोआप आवळला जातो, कारण तेथे दांड्यावरची कळ आवळली की ब्रेक लागतो. मोबिलिटी स्कूटरवर मात्र कळ दाबली की गाडी चालू लागते आणि सोडली की आपोआप ब्रेक लागून थांबते. घाबरून जो कळ घट्ट धरील, तो थांबण्याऐवजी पुढे आदळेल. म्हणून ‘सोडा म्हणजे थांबेल’ हे वाक्य हाताला पाठ झाले पाहिजे. अपरिग्रह शिकविणाऱ्या समाजाला हा धडा अवघड वाटू नये. मोकळ्या पटांगणात निदान आठवडाभर, वेग दर्शविणारी चकती सर्वांत खालच्या खुणेवर ठेवून, कोणीतरी बाजूने चालत असताना हा सराव करावा. मुलाने अचानक ‘थांबा’ म्हणावे आणि बाबांनी हात सैल सोडावा, असे पन्नास वेळा झाले की भीती निघून जाते.

वेगाचा मोह नसावा. ब्रिटनमध्ये पदपथावर या गाड्यांना ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर आणि रस्त्यावर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांना सुमारे १३ किलोमीटर एवढीच मर्यादा आहे. तेथील रुंद पदपथांवर जे नियम आवश्यक वाटतात, ते आपल्या गल्लीबोळांत अधिकच पाळावे लागतील. बाजूने चालणाऱ्या माणसाला धाप न लागता बरोबर राहता येईल, तोच योग्य वेग.

चढ-उताराचे नियमही घरातील सर्वांना ठाऊक असावेत. चढावर किंवा उतारावर गाडी सरळ न्यावी. तिरपी नेऊ नये आणि मध्येच वळवू नये. वळताना वेग आधीच कमी करावा. तीनचाकी गाडी अरुंद जागेत सहज वळते, पण कलंडण्याचा संभव तिच्यात अधिक. चारचाकीला जागा जास्त लागते, पण ती स्थिर असते. आसनाच्या पाठीला भाजीची जड पिशवी अडकविली तर चढावर तोल मागे जातो. सामान पुढच्या टोपलीत आणि थोडेच असावे. नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारण्याचा मोह कितीही गोड असला तरी टाळावा. बंद गाडी ढकलता यावी म्हणून मागे एक खटका असतो. तो उघडा असताना ब्रेक लागत नाही. उतारावर त्याला हात लावू नये आणि बसण्यापूर्वी तो पूर्ववत झाल्याची खात्री करावी.

धोका गाडी चालू असतानाच असतो असे नाही. चढता-उतरताना किल्ली बंद नसेल आणि धक्क्याने कळ दाबली गेली, तर गाडी पुढे सरकते आणि माणूस खाली येतो. म्हणून किल्ली काढणे, आसन जागेवर घट्ट बसल्याचे पाहणे, दोन्ही पाय जमिनीवर टेकणे आणि मग उठणे, हा क्रम कधीही मोडू नये. पूजेच्या वस्त्रांतील धोतराचा सोगा, उपरणे किंवा आजींच्या साडीचा पदर चाकात अडकू नये म्हणून बसताना आवरून घ्यावा. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. पाय पायठ्यावरून घसरला तरी कळत नाही. अशा ज्येष्ठांनी पक्की पादत्राणे घालावीत आणि मधून मधून नजरेने पाय पाहावेत.

उपवासाविषयी विशेष सांगितले पाहिजे. पर्युषणात उपवास किंवा आयंबिल करणारे अनेक ज्येष्ठ मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असतात. रक्तातील साखर एकाएकी उतरली किंवा उठताना चक्कर आली, तर हातातील गाडी कोणाचेच ऐकत नाही. उपवासाच्या दिवशी गाडी स्वतः चालवू नये. त्या दिवशी मुलाने सोडावे. झोप आणणारे औषध घेतल्यावरही हाच नियम. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. मोतीबिंदू पिकलेला असताना नवी गाडी घेण्यापेक्षा आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी. शिवाय गाडी आली म्हणून चालणे बंद करू नये. ती लांबच्या अंतरासाठी आहे. घरात आणि अंगणात पायांनीच चालावे, अन्यथा उरलेले बळही जाते.

ऋतूंचाही विचार हवा. प्रवचनाची ओढ सर्वाधिक असते ती चातुर्मासात आणि नेमका तोच पावसाचा काळ असतो. साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार असू शकते, तसेच मोटारीच्या जोडण्यांत पाणी शिरले तर गाडी मध्येच बंद पडते. म्हणून पावसात गाडी काढू नये. संघाने एखादी रिक्षा ठरवून चार-पाच ज्येष्ठांना एकत्र आणावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हा सकाळी नऊच्या आत परत यावे. सूर्यास्तापूर्वी भोजनाची शिस्त असलेल्या घरात अंधारापूर्वी परतणे मात्र सहज साधते.

बॅटरीचा हिशेब व्यापाऱ्याला समजेल असाच आहे. विक्रेत्याने सांगितलेले अंतर नव्या बॅटरीचे आणि सपाट रस्त्याचे असते. त्याचा निम्मा भागच भांडवल समजून बाहेर पडावे. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवून दिल्यास खराब होते. म्हणून वापरानंतर ती भारित करावी. लिथियमची बॅटरी बिछान्याजवळ, जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराशी भारित करू नये आणि मूळ चार्जरखेरीज दुसरा वापरू नये. खिशात भारित भ्रमणध्वनी आणि घरच्यांचे क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. भ्रमणध्वनी मात्र थांबूनच कानाला लावावा.

खरेदी करताना किमतीपेक्षा दुरुस्तीची चौकशी आधी करावी. नाशिकला किंवा मालेगावात हिचे काम कोण करतो, बॅटरी आणि चाक किती दिवसांत मिळते, याचे उत्तर लेखी घ्यावे. दिव्यांगांच्या वाहनांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. विक्रेत्याने गाडी कोणत्या वर्गात दाखविली आहे, ते बिलावर पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांसाठी खास बनविलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या आहे. निवडलेल्या गाडीला नोंदणी लागते किंवा नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. देशी पर्यायही पाहावेत. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून निघालेले ‘निओबोल्ट’ हे साधन चाकाच्या खुर्चीला पुढून जोडले जाते आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावते. परंतु ते तरुण आणि हातात बळ असलेल्या दिव्यांगांना अधिक सोयीचे. सत्तरी ओलांडलेल्यांना संथ गाडीच बरी.

अखेरीस संघाचे कर्तव्य. गाडी मंदिरापर्यंत पोहोचली आणि दारात तीन पायऱ्या असल्या, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. उतरंडीचे माप सोपे आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट उतार, बाजूला कठडा आणि वर सपाट जागा. माणसासह गाडी चौघांनी उचलणे हे सेवाभावाचे असले तरी धोक्याचे आहे. रस्त्यावरची चाके आत नेऊ नयेत, हे योग्यच. त्यासाठी दाराशी छपराखाली गाडीची जागा आणि तेथून आत नेणारी एक स्वच्छ चाकांची खुर्ची संघाने ठेवावी. मांगी-तुंगीच्या डोंगरावर ही गाडी जाणार नाही. पण पायथ्याशी कुटुंबाबरोबर फिरता यावे, एवढे तिच्याकडून नक्की होते.

घरात गाडी आल्यावर दर सहा महिन्यांनी सर्वांनी एकत्र बसून विचार करावा. टक्कर होऊ लागली, वाट चुकू लागली, प्रतिक्रिया मंदावली, तर गाडी थांबविण्याची वेळ आली, असे समजावे. तो निर्णय किल्ली लपवून नव्हे, तर ज्येष्ठांशी बोलून, त्यांच्या संमतीने व्हावा. ज्यांनी सर्व घराला चालायला शिकविले, त्यांची वाट किती लांब असावी हे ठरविताना त्यांचा शब्द पहिला असला पाहिजे.