अ, ब, क, ड
पुणेकर महापालिकेला दर वेळी वेगळ्या पद्धतीनं मत देतो. २००२ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. पुढे आघाडी सरकारनं आधी एकाचा ठरवला, मग तिघांचा केला. शिंदे सरकारनं पुन्हा चौघांचा. यातलं काहीही पुणेकरांनी मागितलेलं नव्हतं. मुंबईत मात्र वॉर्डाला नगरसेवक एकच. चौघांमुळे विकास होतो म्हणे; मग मुंबईनं काय घोडं मारलंय?

१८१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर गेरीनं सॅलमँडरसारखा वेडावाकडा मतदारसंघ मंजूर केला, त्यावरून 'जेरीमँडरिंग' शब्द आला. आपल्याकडे नकाशाला इतके पीळ द्यावे लागत नाहीत. प्रभागात माणसं किती, एवढं बदललं तरी भागतं.

चौघांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. प्रत्येक जागेवर सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो. समजा, एका पक्षाला ४० टक्के आणि इतर तिघांना २०-२० टक्के मतं आहेत. पहिल्याचे मतदार चारही वेळा तेच चिन्ह दाबणार आणि चारही जागा त्याच्या. उरलेल्या ६० टक्क्यांना भोपळा! एखाद्या वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेला अपक्ष तर चौपट मोठ्या प्रभागाच्या खर्चानंच गारद होतो.

आता गंमत बघा. हेच आमदार विधान परिषदेवर माणसं पाठवताना एकल संक्रमणीय मत वापरतात, म्हणजे पसंतीक्रमाचं. तिथे संख्याबळाप्रमाणे वाटा मिळतो. तीच पद्धत प्रभागात लावली, तर चारही जागा जिंकायला ८० टक्क्यांहून जास्त मतं लागतील. स्वतःसाठी न्याय्य वाटणी आणि आमच्यासाठी सगळं एकाच्या घशात!

मार्च २०२२मध्ये ओबीसी आरक्षणाच्या निमित्तानं विधिमंडळानं प्रभाग आखायचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. एरवी एकमेकांची तोंडं न बघणाऱ्यांनी, एकमतानं. त्याच महिन्यात पालिकांवर प्रशासक बसले. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असं सांगावं लागलं.

तो अधिकार आयोगाला परत द्या. चौघांचा प्रभाग हवाच असेल, तर पसंतीक्रमानं मत घ्या. सामान्य मतदाराला ते झेपणार नाही, असं लगेच सांगितलं जाईल. पदवीधर मतदारसंघात झेपतं. एक, दोन, तीन लिहायला पदवी लागते की काय? आयर्लंडमधले शेतकरी १९२२पासून असंच मत देताहेत.