विश्लेषण : हृदयाच्या पेट स्कॅनआधी ‘उपवास’ का चालत नाही?

नाशिक : ‘उपाशीपोटी या,’ असे रुग्णालयातून सांगितले की अनेक घरांत त्याचा अर्थ ‘उपवास’ असा घेतला जातो. मग आदल्या रात्री साबुदाण्याची खिचडी, सकाळी केळे आणि गोड चहा. हृदयाच्या पेट स्कॅनमध्ये एवढ्यानेही चाचणी वाया जाऊ शकते.

चाचणीत काय पाहतात?

या चाचणीत ‘एफडीजी’ हे ग्लुकोजसारखे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले जाते. ज्या पेशी साखर ओढतात तिथे ते साठते आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. कर्करोगासाठी ही चाचणी परिचित आहे. हृदयाच्या बाबतीत ती मुख्यतः दोन प्रश्नांसाठी होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निकामी वाटणारा स्नायू जिवंत आहे का? आणि हृदयात सार्कॉइडोसिससारखा दाह आहे का?

दोन्हींची तयारी उलट का?

हृदय परिस्थितीनुसार इंधन बदलते. पोट रिकामे असताना ते मुख्यतः स्निग्धाम्ले वापरते. जेवल्यावर इन्सुलिन वाढते आणि हृदय साखरेकडे वळते.

दाह शोधताना निरोगी स्नायूने साखर घेऊच नये, फक्त दाह झालेला भाग उजळावा, अशी अपेक्षा असते. त्यासाठी अमेरिकेतील अणुवैद्यक व अणुहृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये संयुक्त शिफारस केली. आदल्या दिवशी किमान दोन जेवणे अशी घ्यावीत, की प्रत्येकात ३५ ग्रॅमहून अधिक स्निग्धांश आणि ३ ग्रॅमहून कमी कर्बोदके असतील. त्यानंतर किमान चार तास काही खाऊ नये. ते शक्य नसल्यास १८ तासांहून अधिक उपाशी राहावे.

स्नायू जिवंत आहे का, हे पाहताना मात्र हृदयाने साखर घ्यायला हवी. म्हणून चाचणीपूर्वी ग्लुकोज आणि गरजेनुसार इन्सुलिन देतात. रक्तपुरवठा कमी, तरी साखर ओढतो आहे, असा स्नायू जिवंत मानला जातो.

उपवासाचे पदार्थ का नडतात?

शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. भगर, रताळे, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू आणि नाशिकची द्राक्षेही याच यादीतली. चहातल्या एका चमचा साखरेतच सुमारे ४ ग्रॅम कर्बोदके जातात, म्हणजे संपूर्ण जेवणाच्या मर्यादेपेक्षा जास्त. खोकल्याचे गोड औषध किंवा ग्लुकोजचे सलाइन यांनीही गणित बिघडते. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी ही बाब आधीच सांगायला हवी.

चूक किती महाग?

तयारी चुकली तर निरोगी हृदयही उजळते आणि दाह असल्याचा भास होऊ शकतो. त्यातून नको असलेली स्टेरॉइड सुरू होण्याचा धोका असतो. क्षयरोगाशी सार्कॉइडोसिसचे साधर्म्य असल्याने आपल्याकडे ही चूक अधिक गंभीर. दुसऱ्या चाचणीत उलट घडते. जिवंत स्नायू मृत वाटला, तर बायपासचा फायदा होऊ शकणारा रुग्ण त्याला मुकू शकतो.

शिवाय एफडीजी साठवून ठेवता येत नाही. त्यातील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आहे. मुंबईत तयार झालेली मात्रा चार तासांच्या प्रवासाने नाशिकला आणली, तर पावभागाहूनही कमी उरते. चाचणी ऐनवेळी रद्द झाली, तर तीही फुकट जाते. मालेगाव, धुळे किंवा नंदुरबारहून आलेल्या रुग्णाची फेरीही वाया जाते.

मधुमेहींनी काय करावे?

मधुमेहात साखर आणि इन्सुलिनचा तोल आधीच बिघडलेला असल्याने दोन्ही चाचण्यांची तयारी अवघड होते. नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दीर्घकाळ उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषध स्वतःहून बंद करणेही तितकेच धोक्याचे. वेळ ठरवतानाच मधुमेहाची माहिती आणि औषधांची यादी केंद्राला द्यावी.

काय विचारावे?

चाचणी दाहासाठी आहे की स्नायू जिवंत आहे का हे पाहण्यासाठी, हा पहिला प्रश्न. आदल्या दिवशी काय खावे, याची लेखी यादी मागावी. शाकाहारी रुग्णांनी पनीर, तूप यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. दिवसभरात खाल्लेला प्रत्येक पदार्थ वेळेसह लिहून न्यावा. काही चुकून खाल्ले गेले असेल, तर इंजेक्शन देण्यापूर्वीच सांगावे. तारीख पुढे गेली तरी चालेल. चुकीच्या चित्रावर उपचार ठरू नयेत.