फुटांत मोजलेले सुतार

19 फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती, आणि शिल्पकार राम सुतारांचा जन्मदिवसही. गेल्या 17 डिसेंबरला वयाची शंभरी ओलांडून ते नोएडात निवर्तले, त्यामुळे यंदा धुळ्यात त्यांची आठवण निघणार हे ठरलेलेच होते. निघालीही. पण भाषण असो, फलक असो की मोबाइलवर फिरणारा संदेश, सगळीकडे एकच आकडा होता: 182 मीटर. जगातला सर्वांत उंच पुतळा करणारा आपला गोंदूरना पोऱ्या! अभिमान मलाही आहे. राग याचा येतो की सत्तर वर्षे मातीत हात घालून बसलेल्या माणसाचे मोजमाप आपण फूटपट्टीने उरकतो आणि घरी जातो.

केवडियाच्या या सरदार पटेल पुतळ्याची उंची ही काँक्रीटच्या गाभ्याची, पोलादी सांगाड्याची आणि इंजिनिअरांची कमाई आहे. सुतारांचे काम पटेलांच्या चेहऱ्यात आहे आणि त्या खाली सोडलेल्या हातांत आहे. उगारलेले बोट नाही, कसलाही आवेश नाही. एवढ्या उंचीवर गेल्यावरही बार्डोलीचा शेतकऱ्यांचा पुढारी ओळखू येतो, हे अवघड आहे.

फूट सोडून दुसरे काही बघायचे असेल तर एक जोडी डोळ्यांसमोर ठेवा. सुतारांचा संसद भवनातला गांधी आणि लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधला फिलिप जॅक्सन यांचा गांधी. दोन्ही ब्राँझचे, दोन्ही संसदेच्या दारात.

जॅक्सन हे आजच्या ब्रिटनमधले मोठे नाव. वेम्बलीबाहेरचा फुटबॉलपटू बॉबी मूर त्यांचा, ग्रीन पार्कमधल्या बॉम्बर कमांड स्मारकातले वैमानिक त्यांचे. त्यांनी गांधी घडवला तो 1931 च्या छायाचित्रावरून. गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी डाउनिंग स्ट्रीटवर उभे आहेत, अंगाभोवती शाल. 14 मार्च 2015 ला तो पुतळा उघडला. उंची 9 फूट, आणि चौथरा मुद्दाम ठेंगणा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मान फार वर करावी लागू नये. त्याच चौकात चर्चिल आहेत, 12 फुटांचे, वर उंच चौथऱ्यावर. तरी माणसे थांबतात ती गांधींपाशी. जॅक्सन यांची सगळी ताकद कापडात आहे. व्हेनिसच्या कार्निव्हलमधल्या झगे घातलेल्या आकृत्या त्यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि तोच हात इथे शालीवर चालला आहे. शालीची प्रत्येक चुणी खाली ओढत जाते आणि परक्या गावच्या थंडीत उभा राहिलेला एक पाहुणा समोर येतो. एका विशिष्ट दिवसाचा गांधी. काम उत्तम आहे.

सुतारांचा गांधी बसलेला आहे. 16 फुटांचा, ध्यानस्थ, 2 ऑक्टोबर 1993 ला उघडलेला. 2024 मध्ये तो मूळ जागेवरून हलवून प्रेरणास्थळावर नेला, तो वाद वेगळा. या गांधीला तारीख नाही. तो दांडीचा नाही, नोआखालीचा नाही, लंडनचा तर नाहीच. कापड इथे फारसे बोलत नाही. बोलतात ते खाली झुकलेले डोळे आणि सैल पडलेले खांदे. बसलेल्या माणसाचा पुतळा घडवणे उभ्यापेक्षा कठीण, कारण चालण्याचा, हात उंचावण्याचा आधार काढून घेतला की उरते ते फक्त आतले स्वस्थपण, आणि ते मातीत उतरवावे लागते.

हे सुतारांना कुठून मिळाले? माझे मत ठाम आहे: वेरूळमधून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1953 चे मेयो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेला हा तरुण पुढची काही वर्षे पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीवर होता. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, स्तूपाला पाठ टेकून बुद्ध बसला आहे. तुटलेले नाक, झिजलेली बोटे यांच्याशी रोज डोळा भिडवणाऱ्याच्या हाताला बसणे म्हणजे काय ते कळते. लंडनच्या शिल्पकाराला तशी शाळा मिळाली नाही, यात त्याचा दोष नाही. वेरूळनंतर लवकरच गांधीसागर धरणाची 45 फुटी चंबळदेवी आली, दोन लेकरांना जवळ घेतलेली, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. ती साच्यात ओतलेली नाही. काँक्रीटचा ठोकळा छिन्नीने फोडून काढली. कातळ कोरणाऱ्यांचीच ही पद्धत.

आणि आपण विचारतो, किती फुटी?

या प्रश्नाने काय होते ते मालवणला दिसले. राजकोट किल्ल्यावरचा 35 फुटी शिवपुतळा 4 डिसेंबर 2023 ला उघडला आणि 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नंतर कला संचालकांनी सांगितले की मंजुरी 6 फुटांच्या मातीच्या मॉडेलला दिली होती, 35 फुटांचे आम्हाला कळवलेच नव्हते. म्हणजे मधले 29 फूट कुणी पाहिलेच नाहीत. नवा पुतळा सुतारांच्याच कार्यशाळेकडे गेला आणि मे 2025 मध्ये उभा राहिला. मला वाटले, आता तरी आपण मूर्तीकडे बघू. बातम्यांत ठळक काय होते? 60 फूट.

मूर्तीकडे बघायची सवय लागते ती शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाला. गावच्या सुताराच्या या मुलाच्या हातातली कला ओळखली ती श्रीराम कृष्ण जोशी या चित्रकला शिक्षकांनी, आणि जे. जे.ची वाट दाखवली तीही त्यांनीच. आज खान्देशातल्या किती शाळांत पूर्णवेळ कलाशिक्षक आहे? तास गणिताला दिला जातो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा वाढीव गुणांसाठी उरकली जाते. गोंदूरच्या आसपास या घडीला एखादे पोर साबणाची वडी कोरत असेल, आणि त्याच्याकडे बघायला शाळेत कुणी नसेल, याची मला खात्री वाटते.

म्हणून स्मारक समित्यांना सांगणे आहे. सुतारांच्या नावाने कमान नको, चौक नको, आणखी एक उंच पुतळा तर नकोच. धुळ्यात एक खोली द्या. राजवाडे मंडळाच्या संग्रहालयात खान्देशातल्या जुन्या मूर्ती आहेतच, त्याच गावात सुतारांच्या मूळ मॉडेलांच्या प्लास्टर प्रती मांडा, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. हात लावू द्या. जळगावात गांधीतीर्थ 2012 पासून उभे आहे, तिथे सुतारांचा आणि जॅक्सनचा, दोन्ही गांधींची शिरे शेजारी ठेवता आली तर शाळांच्या सहलींना बघायला खरे काही मिळेल. कुटुंबाशी बोलणी आताच करायला हवीत. प्लास्टर ओल धरते, कडा झडतात, आणि कार्यशाळेतली जागा नव्या कामांना लागते.