गोठ्यावरचा कॅमेरा आंधळा झाला तर



मध्यंतरी करवीर तालुक्यातील एका वस्तीवर जाण्याचा योग आला. मळ्यात आई-वडील दोघेच; मुलगा पुण्यास नोकरीला. त्याने गोठ्यावर कॅमेरा बसवून दिलेला. म्हैस व्यायला झाली होती, आणि नेमके दिवस मावळल्यावर मुलाच्या मोबाईलवर चित्र दिसेना. वडिलांचा फोनही लागेना. पोरगा घाबरून रात्रीच्या एस.टी.ने गावी आला. येऊन पाहतो तो सारे खुशाल, रेडकू आईला लुचते आहे! दोष निघाला कॅमेऱ्याच्या अडॅप्टरचा.

अशी धावपळ टाळता येते. उपसा योजनेचे पाणी शेतात पोचले नाही, तर आपण लगेच मोटर उकलत नाही. जॅकवेलपासून चेंबरपर्यंत पाणी कुठवर आले ते पाहतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. चित्र कॅमेऱ्यातून राउटरमध्ये, तेथून इंटरनेटवर आणि मग मोबाईलमध्ये येते. ते कुठे अडले, हे आधी शोधावे.

पहिली पाहणी वस्तीवरच करावी. घरातल्या माणसाने आपला मोबाईल त्याच वायफायला जोडून चित्र पाहावे. दिसले, तर बहुतेक वेळा कॅमेरा ठीक असतो व अडचण पुढे असते. दिसले नाही, तर दोष घराजवळच शोधा.

दिवसा चित्र येते आणि रात्री जाते, असे असेल तर अडॅप्टर व वायर तपासा. अंधार पडला की कॅमेऱ्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे लागतात व त्याला जास्त वीज लागते. अडॅप्टर कमजोर असेल किंवा वायर लांब व बारीक असेल, तर दाब पडतो आणि कॅमेरा बंद होतो. नवा अडॅप्टर घेताना कॅमेऱ्यावर लिहिले असतील तितकेच व्होल्ट घ्यावेत. अँपिअर तितके किंवा थोडे जास्त चालतील.

लाईट जाऊन आल्यावर चित्र आले नाही, तर दोन्ही बंद करून राउटर आधी चालू करा. तीन-चार मिनिटांनी कॅमेरा लावा. वायफायचा पासवर्ड बदलला असेल, तर तो कॅमेऱ्यालाही नव्याने द्यावा लागतो.

आपल्या भागात आणखी एक कारण आढळते, ते म्हणजे ऊस. जानेवारीत सुरू ऊस लावताना घरापासून गोठ्यापर्यंत वायफाय चांगले पोचते. ऑगस्टमध्ये मध्ये डोक्याच्या वर ओला फड उभा राहतो आणि रेंज तुटते. अशा वेळी कॅमेरा बदलू नका. राउटर उंचावर न्या किंवा नेटवर्कची केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते.

आता घरी चित्र दिसते, पण पुण्याहून दिसत नाही, असे समजा. आधी रिचार्ज व रोजचा डेटा संपला का ते पाहा. राउटर सिमकार्डाचा असेल, तर ‘पोर्ट उघडण्या’ची जुनी युक्ती सहसा चालत नाही. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक नेमक्या घरी पोचत नाही. कॅमेऱ्यावरील क्यूआर कोडने कंपनीच्या ॲपमध्ये नोंद करावी. मग कॅमेरा स्वतःच बाहेर संपर्क साधतो.

चित्र अडखळत असेल, तर ॲपमध्ये कमी दर्जाचे चित्र निवडा. रात्री पांढरे धुके दिसत असेल, तर काचेवरचे कोळ्याचे जाळे पुसा. एका मोबाईलवर दिसते व दुसऱ्या जुन्या मोबाईलवर काळे येते, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एच.२६५’ऐवजी ‘एच.२६४’ करून पाहा.

रीसेटचे बटण अगदी शेवटी दाबावे. त्याने आधीची सारी जोडणी पुसली जाते.

कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. ॲपचे खाते घरच्याच मोबाईल नंबरवर असावे, बसवणाऱ्याच्या नव्हे. आणि कॅमेऱ्याचे तोंड न्हाणीघराकडे किंवा शेजाऱ्याच्या दाराकडे नसावे. घरातल्या बायाबापड्यांना विचारूनच जागा ठरवावी.

शेवटी एक सांगतो. शेजारच्या वस्तीवरचा एक फोन नंबर बाहेरगावच्या मुलाजवळ लिहून द्या. चित्र गेले की आधी तिथे विचारावे, मग एस.टी. धरावी.