चमकतो खरा, पण बाहेर कसा पडतो?

कर्करोगाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपुढे एक जुनी अडचण असते. स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसते. पण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत रोगट आणि निरोगी भाग नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो. जास्त कापावे तर चांगला भाग जातो, कमी कापावे तर रोग मागे राहतो. रोगट पेशीच उजळून दिसल्या तर? या विचारातून चमकणाऱ्या नॅनोकणांवर गेली दोन-अडीच दशके संशोधन चालू आहे.

त्यातले सर्वात तेजस्वी कण म्हणजे ‘क्वांटम डॉट्स’. त्यांच्या शोधासाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण यातले बरेचसे कण कॅडमियमचे असतात आणि कॅडमियम मूत्रपिंडांना घातक असते. त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे कणाला सिलिकाचे कवच चढवणे. अल्कोहोल, पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात सिलिकाचे एकसारखे गोळे बनवण्याची रीत श्टोबर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच दिली होती. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक. दगडखाणीतल्या कामगारांची फुप्फुसे निकामी करणारी सिलिकाची धूळ स्फटिकरूप असते. कवचाची सिलिका मात्र काचेसारखी, अस्फटिक असते. तिच्यामुळे कण पाण्यात नीट मिसळतो, त्याची चमक टिकते आणि विशिष्ट पेशींना चिकटणारे रेणू त्यावर जोडता येतात.

इथवर सारे चांगले आहे. अडचण आहे ती ‘कवच घातले, म्हणजे कण सुरक्षित झाला’ या समजुतीत.

एक तर हे कवच कायमचे नसते. शरीरातल्या पाण्यात अस्फटिक सिलिका हळूहळू विरघळते. आत निरुपद्रवी रंगद्रव्य असेल तर हा गुणच; कॅडमियम असेल तर धोका फक्त पुढे ढकलला जातो. दुसरे, कवचामुळे कण मोठा होतो. मूत्रपिंडांची गाळणी साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरपर्यंतचे कण लघवीवाटे सहज बाहेर सोडते, हे २००७ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्याहून बरेच मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात आणि तिथे दीर्घकाळ राहू शकतात. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. अशा कणांची गत तीच होते.

तिसरा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. हे कण औषध नाहीत, ते फक्त दाखवण्याचे काम करतात. जीव वाचवणाऱ्या औषधाचे दुष्परिणाम रुग्ण नाइलाजाने सोसतो. निदानासाठी टोचलेल्या पदार्थाला तेवढी सूट देता येत नाही. काम झाले की त्याने निघून गेले पाहिजे.

इतक्या कडक अटी घातल्या तर संशोधनच थांबेल, असे काहींना वाटते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा अनुभव उलटे सांगतो. उलरिख वीस्नर यांच्या गटाने २००५ मध्ये रंगद्रव्य पोटात असलेले सिलिकाचे कण मांडले, तेव्हा त्यांचा आकार २० ते ३० नॅनोमीटर होता. चमक उत्तम होती, पण गट तिथे थांबला नाही. २००९ पर्यंत त्यांनी आकार ३ ते ६ नॅनोमीटरवर आणला आणि उंदरांच्या लघवीतून हे कण बाहेर पडतात हे दाखवले. पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ५ रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेले असे कण टोचण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले: गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि कण मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडले. पाच ही संख्या लहानच; पण कण बाहेर पडलाच पाहिजे या अटीने संशोधन अडले नाही, उलट त्याला दिशा मिळाली.

भारतातही नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये जाहीर झाली आहेत. त्यांचा धाक शेवटच्या टप्प्यावर वाटून उपयोग नाही. निधी देतानाच विचारले पाहिजे: हा कण शरीरात कुठे जातो, किती दिवस राहतो, कोणत्या वाटेने बाहेर पडतो आणि कवच विरघळल्यावर आत काय उरते? काचपात्रातल्या पेशी दोन दिवस जगल्या, एवढ्यावर ‘जैवसुसंगत’ असा शिक्का मारणे थांबले पाहिजे.

वाचकांनीही हीच सवय लावून घ्यावी. अंधारात हिरवा-तांबडा उजळलेला उंदीर छायाचित्रात मोहक दिसतो. पण ती सुई उद्या आपल्याच घरातल्या कुणाला टोचली जाणार असेल, तर पहिला प्रश्न चमकेचा नसावा, परतीच्या वाटेचा असावा.