वेबसाईटचा सातबारा कोणाच्या नावावर?



जळोचीच्या उपबाजारात कांदा काय भावाने गेला, हे आता पणन मंडळाच्या वेबसाईटवर पाहायला मिळते. मग जिल्ह्याच्या संघटनेला वेगळी वेबसाईट कशाला, असे काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण भावाच्या यादीत कटती नसते. पट्टीचे पैसे किती दिवसांनी मिळाले, तेही नसते. २०२५ साली कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणली आणि पुढे तिची मुदत वाढवली. असली बातमी ज्याला वेळेत कळत नाही, तो व्यापारी देईल त्या भावाने कापूस घालून मोकळा होतो. व्हॉट्सॲपवर आलेला निरोप चार दिवसांत खाली बुडतो. वेबसाईट हवी ती यासाठी.

पण ती बांधायची कशी? इथे आम्ही एकदा फसलो आहोत. पहिली वेबसाईट एका ठेकेदाराकडून करून घेतली. दिसायला झकपक. पण बैठकीची तारीख बदलायची झाली, तरी त्यालाच फोन करायचा. वेबसाईटचे नावही त्याने स्वतःच्याच नावावर नोंदवलेले. त्याने धंदा बदलला आणि वेबसाईट गेली. पैसा आमचा, सातबारा त्याचा! १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत आपण हेच भोगले. माल आपला, पण दार एकच. तो एकाधिकार आता आपण होऊन का ओढवून घ्यायचा?

'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम' म्हणजे मजकूर भरायची तयार व्यवस्था. अर्ज भरावा तसे लिहायचे, पान आपोआप तयार होते. ड्रुपल २००१ साली आले, वर्डप्रेस २००३ साली, जूमला २००५ साली. तिघांचाही परवाना खुला. कोणीही वापरावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. घरच्या मालदांडीचे बी जसे कणगीतून काढून पेरता येते, शेजाऱ्याला देता येते, तसेच हे. दरसाल दुकानातून आणाव्या लागणाऱ्या संकरित बियाण्यासारखे नाही.

तिघांत आमचे मत वर्डप्रेसला. ड्रुपल मोठ्या पसाऱ्याला चांगले, पण ते सांभाळायला तयारीचा माणूस लागतो. जगातल्या दर दहापैकी चार वेबसाईट वर्डप्रेसवर आहेत. त्यामुळे एक जाणकार सोडून गेला, तर तालुक्याच्या गावीही दुसरा मिळतो.

मात्र बी घरचे म्हणून मशागत चुकत नाही. वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी घेतल्या नाहीत, तर चोर शिरतात. सगळ्या मजकुराची प्रत दरमहा काढून वेगळी ठेवली पाहिजे. जुने अंक जुन्या फाँटमध्ये आहेत. ते युनिकोडमध्ये आणले नाहीत, तर मोबाईलवर नुसती अगम्य अक्षरे दिसतील. आणि फोटो हलके हवेत. जिरायत पट्ट्यातल्या वस्तीवर रेंज किती असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. वेबसाईटचे नाव आणि जागा संघटनेच्या नावावर घ्यावी. पासवर्ड एकाकडे न ठेवता तिघांकडे असावा. प्रत्येक तालुक्यातून एक मुलगा किंवा मुलगी मजकूर भरायला शिकावी. ठेकेदार खुशाल नेमा, पण त्याला कामापुरता नेमा. रंग, चित्रे, सजावट हे सगळे मागाहून बघता येईल. आधी सातबारा आपल्या नावावर करून घ्या.