एका पातेल्याचा कैवार

संध्याकाळच्या जेवणास आज नुसत्या नूडल्स केल्या, असे एखाद्या सुशिक्षित गृहिणीने चारचौघांत सांगितले, तर ऐकणाऱ्यांच्या मुद्रेवर जी दया उमटते ती पाहण्यासारखी असते. पोळी नाही, भाजी नाही, वरण नाही, भात नाही. तेव्हा त्या घरी त्या रात्री जेवणच झाले नाही, असा निकाल मनातल्या मनात लागून जातो. त्यातून त्या नूडल्स लोणी, चीज, अंडे यांवाचून केलेल्या असल्या म्हणजे दयेची जागा चिंता घेते. आम्हांस या दयेचा आणि या चिंतेचा, दोहोंचाही कंटाळा आलेला आहे. एका पातेल्यात होणारे, दुधातुपाचा स्पर्श नसलेले, स्वस्त असे शेवयांचे जेवण हे पूर्ण जेवण आहे आणि ते आठवड्यातून दोनतीनदा आमच्या घरांत व्हावे, हा आमचा पक्ष आहे.

प्रथम 'वीगन' या शब्दाची वासलात लावू. हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी घडविला. मांस-मासळीबरोबर दूध आणि अंडीही वर्ज्य करणारा, असा त्याचा अर्थ. आमच्या मध्यमवर्गापुढे तो आला तो बदामाच्या दुधाच्या महागड्या पुड्यांबरोबर. त्यामुळे हा श्रीमंतांचा षोक, असे आम्ही ठरवून टाकले. वास्तविक झुणका-भाकर, ठेचा, मटकीची उसळ यांवर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्या ताटात दुधाचा थेंब क्वचितच येई. त्यांच्या नाइलाजास कोणी नाव दिले नाही एवढेच. प्राणिदयेच्या तत्त्वाचा वाद आज आम्ही काढीत नाही. ज्यास तो पटेल त्याने अवश्य पाळावा. आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. झटपट जेवणाचे बिल फुगते ते पनीर, चीज व लोणी यांनी, शेवयांनी नव्हे. शिवाय जगातील बहुसंख्य प्रौढांस दुधातील शर्करा नीट पचत नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे.

दुसरा आक्षेप परकीयपणाचा. नूडल्स चिनी खऱ्या. चीनमधील लाजिया येथे सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या शेवया एका उपड्या वाडग्याखाली सापडल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. परंतु परकीय म्हणून नाक मुरडणाऱ्या गृहस्थांनी एकादशीच्या ताटाकडे जरा निरखून पाहावे. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचाच, हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. चार परदेशस्थ एकत्र येऊन आमच्या उपवासाचे पावित्र्य सांभाळतात, आणि गव्हाच्या चार धाग्यांनी मात्र आमची संस्कृती बुडते!

आणि हे धागे आम्हांस अपरिचित तरी कोठे आहेत? उन्हाळ्यात आळीतल्या बायका एकत्र जमून पाटावर शेवया वळीत. गव्हल्या, मालत्या, नखुल्या, बोटव्या असे वळवटाचे किती प्रकार आमच्या आज्यांच्या बोटांत होते. दोष एवढाच झाला की, हे सारे वैभव आम्ही दूध-साखरेच्या खिरीत बुडवून सणावारास बांधून टाकले. कोकणाने मात्र वेगळी वाट धरली. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून साच्यातून दाबलेले शिरवाळे तेथे गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खातात. त्यात दुधाचे कामच नाही. घाटावर कणकेची लाटी कापून ती उकळत्या वरणात सोडतात, त्या चकोल्या. त्या लांब नसून चौकोनी आहेत म्हणून त्यांस शेवयांच्या गोत्राबाहेर काढणारा इटालियन मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. मोमोफुकु आन्दो यांनी 1958 साली जपानात काढलेल्या झटपट नूडल्सची जी संतती आज प्रत्येक वाण्याकडे टांगलेली असते, तिची वकिली आम्ही करीत नाही. ती बहुधा मैद्याची, तेलात तळून वाळविलेली, आणि मसाल्याच्या पुडीत मीठ सढळ. कित्येकदा त्या पुडीत दुधाची भुकटीही असते, म्हणून लेबल वाचावे. आम्ही बोलतो ते साध्या, न तळलेल्या, गव्हाच्या, तांदळाच्या वा नाचणीच्या शेवयांविषयी.

चौघांच्या जेवणाचा एक प्रकार सांगतो. पाकशास्त्र हा आमचा विषय नव्हे, पण हा आम्ही स्वतः करतो. गव्हाच्या सुमारे 320 ग्रॅम जाड शेवया भरपूर खारट पाण्यात उकळून, किंचित कणी राहिली असतानाच चाळणीत ओताव्या, आणि त्यांचे वाटीभर पाणी राखून ठेवावे. त्याच पातेल्यात दोन चमचे तेलावर ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कोबी व गाजर मोठ्या आचेवर तीनचार मिनिटे परतावे. भाजी मऊ पडू देऊ नये, दाताखाली वाजली पाहिजे. मग 100 ग्रॅम दाण्याचे कूट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, तिखट व मीठ ही त्या राखलेल्या कढत पाण्यात कालवून वर ओतावी, शेवया घालाव्या, आणि दोन चिमट्यांनी उचलून उचलून सारखे करावे. वरून भाजलेले तीळ. वीस-पंचवीस मिनिटांचे काम. सकाळचे वरण उरले असेल तर त्याहूनही थोडके: वरणात पाणी, गोडा मसाला, आमसूल घालून उकळी आणावी, आणि शेवया मोडून तीतच शिजवाव्या.

यात पोषण काय, असे विचारणारांस उत्तर सोपे आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसीन कमी पडते. शेंगदाण्यात ते थोडे अधिक, डाळीत पुष्कळ, म्हणून वरणाचा दुसरा प्रकार या बाबतीत सरस. पहिल्या प्रकारातही प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे 15 ग्रॅम प्रथिन येते. दूध व अंडी कायमची सोडणाराने मात्र बी-12 जीवनसत्त्वाची सोय गोळीने वा ते मुद्दाम घातलेल्या अन्नाने केली पाहिजे. वनस्पतीतून ते मिळत नाही आणि याबाबत भाबडेपणा कामाचा नाही.

पण वादाचे खरे मूळ प्रथिनात नाही. आमच्या महाविद्यालयातील एक तरुण अध्यापिका साडेसहास घरी पोचते आणि हातपाय धुऊन कणीक तिंबावयास बसते. एकदा तिने शेवयांचा बेत सुचविला, तेव्हा सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, "अगं, त्याला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही." त्या 'त्याला' स्वतः पोळी लाटता येत नाही, हा वाक्याचा उत्तरार्ध त्या घरात कोणीच उच्चारला नाही. सरकारने केलेल्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी 289 मिनिटे त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची 88. शिवाय मुळात ते करणारे पुरुषच थोडे. पानात चार पदार्थ हवेत हा आग्रह धरणारे हात बहुधा ते पदार्थ करणारे नसतात. चौरस आहाराचे नाव घेऊन जे मागितले जाते ते त्या बाईची संध्याकाळ असते. पोळी उत्तम अन्न आहे, हे आम्हांस मान्य. ज्यास ती रोज हवी त्याने ती रोज लाटावी.

शेवयांचा आणखी एक गुण आहे, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पोळी तव्यावरून एकेक उतरते. म्हणून घरातील एक व्यक्ती चुलीपाशी उभी राहते, बाकीचे गरम गरम जेवतात, आणि तिचे पान शेवटी, गार अन्नाचे. शेवयांस ही चाल सोसत नाही. पातेले उतरले की पाच मिनिटांत त्या एकमेकींस बिलगू लागतात. चौघांनी एकदम बसावे लागते, वाढणारीनेसुद्धा. उशिरा येणाऱ्यासाठी ओट्यावर पळीभर कढत पाणी झाकून ठेवावे. त्याने त्या मोकळ्या होतात, आणि पाणी ओतण्याचे काम तो स्वतः करू शकतो.